गाळणी, पंप आणि महामार्ग : नाशिक परिसरातील इंधन-दुरुस्तीच्या कसबाचा इतिहास

मोटारवाहनाच्या इतिहासात इंजिनाची ताकद, वाहनाचा वेग आणि रस्त्यांची लांबी यांच्या नोंदी जितक्या तपशिलाने झाल्या आहेत, तितक्या त्या वाहनांना वर्षानुवर्षे चालते ठेवणाऱ्या दुरुस्तीच्या कामाच्या झालेल्या नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंत इंधनाचा जो मार्ग असतो, म्हणजे टाकी, नळ्या, फिल्टर किंवा इंधनगाळणी, इंधन पुढे ढकलणारा पंप आणि ते इंजिनात फवारणारे नोझल, त्याची निगा हा एका स्वतंत्र कसबाचा विषय आहे आणि जुन्या वाहनाचे उरलेले आयुष्य पुष्कळदा याच मार्गाच्या अवस्थेवरून ठरते. नाशिक जिल्ह्यात या कसबाचा इतिहास विशेष ठळकपणे पाहता येतो, कारण कसारा घाट चढून आलेला मुंबई-आग्रा महामार्ग, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला नोझल तयार करणारा कारखाना आणि मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधनसाठे या तिन्ही गोष्टी या एकाच जिल्ह्यात आहेत. वाहन, त्याचा सर्वांत नाजूक सुटा भाग आणि त्याचे इंधन यांची इतकी जवळीक महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळते. या इतिहासाचा माग घेतला असता एक सूत्र हाती लागते, ते असे की पंप वयाने जेवढा झिजतो त्याहून अधिक तो इंधनाबरोबर येणाऱ्या धुळीने, पाण्याने आणि भेसळीने झिजतो, आणि इंधन स्वच्छ राखण्याची जबाबदारी चालक, मेकॅनिक, कारखानदार आणि शासन यांपैकी कोणाच्या वाट्याला किती यावी, याची वाटणी दर पिढीत बदलत गेली आहे.

पेट्रोलचा काळ आणि घाटाची चढण

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत खासगी मोटारी, जीप आणि टॅक्सी ही बहुतांशी पेट्रोलवर चालणारी वाहने होती. महिंद्र आणि महिंद्र या कंपनीने १९४७ नंतर मुंबईत विलीज बनावटीच्या जीपची जुळणी सुरू केली आणि शासकीय खाती, साखर कारखाने, बागायतदार यांच्याकडे ती जीप लवकरच दिसू लागली. या वाहनांचा पंप यांत्रिक असे. इंजिनातल्या कॅमशाफ्टने, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्याने, एक तरफ वरखाली होई आणि तिला जोडलेला लवचिक पडदा, ज्याला मेकॅनिक डायफ्राम म्हणतात, मागे ओढला गेला की टाकीतले पेट्रोल आत येई आणि पडदा पुढे आला की ते कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, ढकलले जाई. पंपाखाली बहुधा काचेची एक वाटी बसवलेली असे, तिच्यात पेट्रोलातले पाणी आणि गाळ तळाला बसलेला डोळ्यांनी दिसे आणि वरच्या बारीक जाळीत कचरा अडके. वाटीचा खालचा स्क्रू सैल करून ती काढणे, पेट्रोलने धुणे, जाळी फुंकून साफ करणे आणि बुचाचे वॉशर नीट बसवून ती पुन्हा आवळणे हे काम चालकानेच करायचे असे, आणि ज्याला ते येत नसे त्याला लांबच्या फेरीवर पाठवण्यास मालक सहसा राजी नसत.

या पंपाचा खरा कस घाटात लागे. इंजिन तापले की पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते पण पुढे सरकत नाही, आणि पंप हलत असूनही कार्बोरेटर कोरडा पडतो. पेट्रोल वाफेने अडण्याचा हा प्रकार कसाऱ्यासारख्या घाटात उन्हाळ्याच्या दुपारी नित्याचा होता. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे, वाफ निवली की पुन्हा निघावे, हा त्यावरचा सर्वमान्य उपाय होता आणि त्यामुळे पाण्याची बाटली व फडके ही चालकाच्या हत्यारांतच मोडत. जुन्या पंपाचा दुसरा दोष अधिक घातक होता, कारण त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेंबाथेंबाने इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरे, ऑइल पातळ होई आणि बेअरिंग झिजू लागत. म्हणून अनुभवी मेकॅनिक ऑइलची कांडी बाहेर काढून आधी तिचा वास घेत आणि त्यावरून पंपाचे निदान करत. त्या काळातल्या निगेचे वैशिष्ट्य असे की दोष डोळ्यांना, नाकाला आणि हाताला कळत होता, दुरुस्तीला लागणारे सामान डायफ्राम, झडपा आणि वॉशर एवढेच होते, आणि त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे वयाची गाडीही रस्त्याच्या कडेला चालती करता येत होती.

डिझेलचे आगमन

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, तरी त्यात इंधन दाबाच्या हवेने आत फुंकावे लागे आणि त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर इतका अवजड असे की ते इंजिन कारखान्यात किंवा जहाजातच शोभे. वाहनात डिझेल येण्याचा मार्ग मोकळा झाला तो रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये उच्चदाबाच्या इंधनपंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यानंतर. या पंपात इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरसाठी एक स्वतंत्र प्लंजर आणि त्याचा बॅरल, म्हणजे एक दट्ट्या आणि त्याचे नळकांडे, अशी जोडी असते, जिला मेकॅनिकांच्या बोलीत एलिमेंट म्हणतात. अशा जोड्या एका ओळीत बसवलेल्या असल्याने हा पंप इनलाइन पंप म्हणून ओळखला जातो. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधली फट दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट, एवढीच ठेवलेली असते, कारण त्याहून अधिक फट राहिल्यास डिझेल मागे गळेल आणि दाब तयार होणार नाही. रस्त्यावरच्या धुळीचा साधा कणही या फटीपेक्षा मोठा असतो, आणि डिझेलच्या वाहनात गाळणीला जे महत्त्व आले त्याचे कारण एवढ्या एका मापात सामावलेले आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला डिझेल इंजिनाची ओळख रस्त्याआधी विहिरीवर झाली. साताऱ्याचा कूपर कारखाना आणि पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांची मंदगती इंजिने बागायती तालुक्यांत पाणी उपसण्यासाठी वापरली जात, आणि वीज खेडोपाडी पोचण्यापूर्वी निफाड, दिंडोरी या भागांतला ऊस, कांदा आणि पुढे द्राक्षबागा यांचे पाणी बऱ्याच अंशी या इंजिनांवर अवलंबून होते. पिंपातले डिझेल फडक्यातून गाळून टाकीत ओतणे आणि टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरल्यास ती काढून टाकणे ही दोन कामे शेतकऱ्याच्या हाताला तिथेच बसली. दाबाखाली डिझेलचे आकारमान फारसे घटत नाही, हवा मात्र आवळली जाते. त्यामुळे पंपात हवा असली की दट्ट्या हवाच दाबत राहतो, नोझल उघडण्याइतका दाब होत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. गॅरेजात यालाच गाडीने एअर घेतली असे म्हणतात, आणि ती एअर काढण्याची रीत विहिरीवरच्या इंजिनापासून पुढच्या ट्रकपर्यंत तत्त्वतः एकच राहिली.

रस्त्यावर डिझेलचे राज्य आले ते टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ या कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास सुरुवात केल्यानंतर. १९६९ मध्ये हा करार संपला तोवर मुंबई-आग्रा मार्गावरची मालवाहतूक बहुतांशी डिझेलवर गेली होती, आणि राज्य परिवहनाच्या बस, ज्यांची पहिली फेरी १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी धावली होती, त्याही हळूहळू डिझेलच्या झाल्या. एसटीच्या व्यवस्थेने या कसबाला शिस्त लावली, असे म्हणावे लागेल. आगारात ठरावीक अंतरानंतर फिल्टर बदलणे, विभागीय कार्यशाळेत पंप उतरवून तपासणे आणि प्रत्येक बसचे केएमपीएल, म्हणजे एका लिटरमागे पडणारे किलोमीटर, नोंदवहीत लिहिणे अशी पद्धत तिथे रुळली. केएमपीएल घटले की आधी चालकाच्या हाताकडे आणि मग पंप-नोझलकडे बोट दाखवले जाई, आणि निगेचा हिशेब असा आकड्यांत मांडला जाऊ लागल्याने खासगी मालकांनाही पंपाच्या दुरुस्तीवर केलेला खर्च डिझेलच्या बचतीतून वसूल होतो हे पटू लागले.

सातपूरचा कारखाना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्यानंतर सातपूर येथे उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीने नाशिकचे स्वरूप बदलले. तीर्थक्षेत्र, नोटांचा छापखाना आणि ओझरचा विमान कारखाना यांच्या जोडीला खासगी अभियांत्रिकी उद्योग येऊ लागले. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बेंगळुरू येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या मायकोने, १९७० च्या आसपास आपला दुसरा मोठा कारखाना सातपुरात काढला आणि तिथे नोझल व इंजेक्टर यांचे उत्पादन सुरू केले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी शहरातला मायको सर्कल आपले जुने नाव टिकवून आहे.

इंजेक्टर म्हणजे पंपाकडून आलेले डिझेल सिलिंडरमध्ये सोडणारा भाग आणि नोझल म्हणजे त्याचे टोक. नोझलच्या आत एक सुई असते, तिला वरून स्प्रिंगने दाबून ठेवलेले असते आणि डिझेलचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उचलली जाऊन टोकाच्या सूक्ष्म छिद्रांतून धुक्यासारखा फवारा सुटतो. थेट फवारणीच्या जुन्या ट्रक-इंजिनांत ही मर्यादा साधारण दोनशे बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पट, असे. सुई आणि तिचे घर एकमेकांवर घासून इतके जुळवलेले असतात की एका नोझलची सुई दुसऱ्यात चालत नाही, आणि असे काम करणारा कारखाना धूळ, ओलावा व तापमान यांवर काटेकोर नियंत्रण ठेवूनच चालवावा लागतो. नाशिकच्या दृष्टीने या कारखान्याचे महत्त्व रोजगारापुरते मर्यादित राहिले नाही. मायक्रॉनच्या मापाची सवय असलेला कामगारवर्ग इथे घडला, सुट्या भागांना लागणारे यंत्रकाम करणारे लहान उद्योग सातपूर आणि अंबड येथे वाढले, आणि कंपनीच्या अधिकृत डिझेल सेवा केंद्रांच्या जाळ्यामुळे पंप उघडण्याचे काम सामान्य गॅरेजातून निघून विशेष साधने बाळगणाऱ्या कार्यशाळेकडे गेले. इंधनमार्गाच्या निगेची पहिली मोठी फेरवाटणी ती हीच. फिल्टर आणि एअर काढणे चालकाकडे व रस्त्याकडेच्या मेकॅनिककडे राहिले, पंप आणि नोझल मात्र अशा कार्यशाळेच्या कारागिराकडे, म्हणजे पंपवाल्याकडे, गेले.

पंपवाल्याची कार्यशाळा

ट्रकच्या इंधनमार्गाची रचना समजून घेतल्याशिवाय या कार्यशाळेचे काम ध्यानात येत नाही. टाकीतून डिझेल ओढण्याचे काम मुख्य पंपाच्या कुशीला बसवलेला लहान फीड पंप करतो. त्याला जाळीची एक गाळणी आणि हाताने दाबायचा प्रायमर, म्हणजे इंजिन बंद असताना डिझेल चढवण्यासाठी असलेला हातपंप, जोडलेला असतो. तिथून डिझेल फिल्टरमध्ये जाते, जो जुन्या ट्रकांत दोन टप्प्यांचा असे, पहिल्या भांड्यात नमद्याची किंवा कापडाची गाळणी आणि दुसऱ्यात घड्या घातलेल्या विशेष कागदाची, अशा बेताने की मोठा कचरा पहिल्यात अडावा आणि बारीक कण दुसऱ्यात. फिल्टर बदलल्यावर एअर काढण्याचा क्रम ठरलेला असे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून, प्रायमर दाबत राहून, आधी फेस, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार येईपर्यंत थांबायचे. मग तोच क्रम मुख्य पंपावर आणि गरज पडल्यास नोझलच्या नळ्यांच्या नटांवर करायचा. तांब्याचे जुने वॉशर पुन्हा वापरल्यास तिथूनच हवा आत येते आणि सगळे काम वाया जाते, म्हणून जाणता मेकॅनिक फिल्टरबरोबर वॉशरही नवे मागत असे.

मुख्य पंप उतरवून कार्यशाळेत आला की तो टेस्ट बेंचवर चढवला जाई. टेस्ट बेंच म्हणजे विजेच्या मोटरने पंप ठरावीक फेऱ्यांवर फिरवणारे यंत्र, ज्याच्या समोरच्या बाजूला मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळ्यांची रांग असते. पंपाच्या प्रत्येक एलिमेंटने ठरावीक फेऱ्यांत सोडलेले तेल आपापल्या नळीत जमते आणि कोणता सिलिंडर उपाशी राहतो व कोणाला जास्त मिळते हे नळ्यांतल्या पातळीवरून एका नजरेत कळते. ही पातळी कंपनीच्या तक्त्यानुसार सारखी करून आणणे म्हणजेच पंपाचे कॅलिब्रेशन. नोझलची तपासणी हातदांड्याच्या टेस्टरवर होते. दांडा दाबला की दाबमापकाचा काटा चढतो, सुई उचलताना चांगल्या नोझलमधून करकर असा आवाज येतो, फवारा सर्व छिद्रांतून सारखा सुटतो आणि थांबताना टोक कोरडे राहते. टोकाशी थेंब जमला तर ते नोझल डिझेल फवारण्याऐवजी ठिबकवते, सिलिंडरमध्ये ते नीट जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. या फवाऱ्यापुढे हात धरू नये, हा शिकाऊ पोराला दिला जाणारा पहिला धडा असतो, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून थेट आत शिरते आणि वरची जखम टाचणीएवढी दिसत असली तरी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

या कार्यशाळांतली स्वच्छतेची शिस्त बाहेरच्या गॅरेजाशी तुलना करता वेगळीच होती. एलिमेंट उघडल्यावर सुती वेस्टने पुसायचे नाही, कारण तिचे तंतू मागे राहतात. स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन ओलेच जोडायचे. प्रत्येक दट्ट्या त्याच्याच नळकांड्याशेजारी ठेवायचा. आणि टेस्ट बेंचच्या खोलीत ग्राइंडर चालवायचा नाही. मात्र या कसबाला एक व्यापारी बाजूही होती. पंपाला जास्तीत जास्त किती डिझेल सोडता येईल याची मर्यादा एका स्क्रूने बांधलेली असते आणि तो स्क्रू तारेच्या सीलने बंद केलेला असतो. तरी क्षमतेबाहेर माल भरून घाट चढू पाहणारे मालक ते सील तोडून पंपाचे डिझेल वाढवून मागत. गाडी चढणीला जोर धरे, पण जादा डिझेल जळण्यास पुरेशी हवा मिळत नसल्याने काळा धूर निघे, एक्झॉस्ट तापे आणि इंजिनाचे आयुष्य घटे. जुन्या ट्रकांच्या धुराचे खापर सरसकट त्यांच्या वयावर फोडले जाते, परंतु त्यातला मोठा वाटा थेंब टाकणारी नोझले आणि असे वाढवलेले पंप यांचा होता, आणि दोन्ही दोष कार्यशाळेत दुरुस्त होण्याजोगे होते.

इंधनातली घाण

कारखाना आणि कार्यशाळा कितीही काटेकोर असली तरी टाकीत पडणारे डिझेल कसे आहे यावर त्यांचा ताबा नव्हता. शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये दोन मार्गांनी पाणी येते. पावसाळ्यात बुचातून झिरपून आणि थंडीत, अर्धवट रिकाम्या पिंपातल्या हवेतला ओलावा रात्री पत्र्यावर दवासारखा जमून. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला बसते, पत्रा गंजतो, गंजाचे कण सुटतात आणि पाणी व गंज दोन्ही पंपापर्यंत पोचतात. पाण्याला वंगणाचा गुण नसल्याने ज्या घासणाऱ्या भागांना डिझेलनेच वंगण मिळायचे ते कोरडे पडतात आणि काही दिवस गाडी उभी राहिल्यास एलिमेंट जागच्या जागी गंजून अडकते. नाशिकच्या थंडीत, विशेषतः निफाडच्या पट्ट्यात जिथे पारा राज्यातल्या नीचांकांच्या यादीत नेहमी असतो, संध्याकाळी टाकी भरून ठेवावी आणि सकाळी फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी सोडावे, हा सल्ला म्हणूनच दिला जात असे.

पाण्यापेक्षा अवघड प्रश्न भेसळीचा होता. मुंबईत १९५४ आणि १९५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, १९७० च्या दशकात परदेशी तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून मनमाडपर्यंत नळवाहिनी आल्यावर पानेवाडी हे उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा आणि त्यापलीकडच्या प्रदेशाला इंधन पुरवणारे मोठे केंद्र बनले. इंधनाच्या किमती दीर्घकाळ शासनाने ठरवलेल्या होत्या आणि गरिबांच्या चुलीसाठी व दिव्यासाठी रेशनवर मिळणारे रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त ठेवलेले होते. ही तफावतच भेसळीचे मूळ होती, कारण रॉकेल डिझेलमध्ये सहज मिसळते, डोळ्यांना ओळखू येत नाही आणि इंजिनही त्यावर चालते. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग देण्याची पद्धत आली, तरी टँकरमधून होणारी चोरी थांबली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीजवळ असा प्रकार उघडकीस आणण्याचा प्रयत्न केला असता त्यांना जिवंत जाळण्यात आले; या घटनेने राज्य हादरले, सरकारी कर्मचारी रस्त्यावर आले आणि ठिकठिकाणी छापे पडले.

ही घटना गुन्हेगारीच्या इतिहासात जशी नोंदली गेली तशी ती यंत्राच्या दृष्टीनेही समजून घेतली पाहिजे. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते आणि त्याची वंगणशक्ती कमी असते. त्यामुळे ते दट्ट्याभोवतीच्या फटीतून अधिक गळते आणि धातू धातूवर घासू लागतो. इनलाइन पंपाचा कॅमशाफ्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असल्याने तो भेसळ काही काळ सोसतो, परंतु हलक्या वाहनांत आलेल्या रोटरी पंपात, ज्यात एकच दट्ट्या फिरत फिरत सर्व सिलिंडरांना डिझेल वाटतो, आतल्या सर्व भागांना वंगण केवळ डिझेलचेच मिळते, आणि अशा पंपाला रॉकेलचे डिझेल फार लवकर मारते. फिल्टर कण अडवतो, काही प्रमाणात पाणी अडवतो, पण मिसळलेले रॉकेल अडवू शकत नाही. चालकाची शिस्त आणि मेकॅनिकचे कसब जिथे संपते आणि शासनाची जबाबदारी जिथे सुरू होते ती सीमारेषा इथे आहे. पुढे डिझेलचे दर २०१४ मध्ये बाजाराच्या हवाली झाले आणि रेशनच्या रॉकेलचा कोटा टप्प्याटप्प्याने आटत गेला, तेव्हा भेसळीला मिळणारा कच्चा मालच कमी झाला.

जीपपासून कॉमन रेलपर्यंत

१९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर जीपही डिझेलकडे वळल्या. महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून घेतलेल्या तंत्रज्ञानावर आधारित डिझेल इंजिने १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागली आणि नाशिकचा कारखाना पुढे कंपनीच्या प्रमुख वाहनकारखान्यांपैकी एक ठरला. २००० मध्ये आलेली बोलेरो आणि २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ ही त्याची सर्वांत परिचित वाहने. शहरात वापरून झालेल्या जीप नंतर त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, कळवण या भागांत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावत राहिल्या, आणि भाजीपाला व द्राक्षे मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या पिकअपचेही तसेच झाले. वाहनाचे दुसरे आणि तिसरे आयुष्य जिथे सुरू होई तिथे कंपनीचे सेवा केंद्र नसे, त्यामुळे एअर काढता येणारा चालक आणि एक फिल्टर जवळ बाळगण्याची सवय यांवरच त्या मार्गांची वाहतूक टिकून होती.

बॉशच्या कॉमन रेल पद्धतीची पहिली मोटार १९९७ मध्ये युरोपच्या बाजारात आली आणि पुढच्या दशकात ती पद्धत नाशिकच्या वाहनांत व नाशिकच्या इंजेक्टर कारखान्यातही पोचली. या पद्धतीत पंप एका समाईक नळीत डिझेल १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाबापर्यंत भरून ठेवतो आणि प्रत्येक इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेने अत्यंत अल्प काळ उघडतो. धूर घटला, ताकद वाढली, आवाज कमी झाला. पण दाब कितीतरी पटींनी वाढल्यामुळे पूर्वी जो कण पंपाची झीज करून थांबत असे तोच आता इंजेक्टर निकामी करू लागला. त्याच सुमारास इंधनही बदलले. २००० मधल्या प्रदूषण-मानकानुसार डिझेलमध्ये दहा लाख भागांत २,५०० भागांपर्यंत गंधक चालत असे. ही मर्यादा पुढच्या टप्प्यांत ५००, ३५० आणि ५० अशी उतरत १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहामध्ये १० वर आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली नैसर्गिक वंगणद्रव्येही निघून जातात, म्हणून तेलकंपन्यांना वंगण टिकवणारे पूरक द्रव्य मिसळून ठरलेली चाचणी पार करावी लागते. जुन्या पंपाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आजचे डिझेल पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे, परंतु रबरी सील कडक झालेल्या पंपात ते गळती लवकर उघडी पाडते. त्यामुळे अशा पंपाचे सील बदलून घेणे ही निगेतली नवी बाब ठरली आहे.

पेट्रोलच्या बाजूलाही असेच स्थित्यंतर झाले. कार्बोरेटर गेला, यांत्रिक पंपाची जागा टाकीत बुडालेल्या विजेच्या पंपाने घेतली आणि त्याला गार ठेवण्याचे काम भोवतालच्या पेट्रोलवरच येऊन पडले, म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याचा पंप लवकर जळतो. साखर कारखान्यांतून येणाऱ्या इथेनॉलचे पेट्रोलमधले प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि पुढे वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला थर सोडवते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते. त्यामुळे जुन्या गाडीत सुरुवातीच्या काही टाक्यांनंतर फिल्टर चोंदला तर त्यात नवल नाही, आणि तेव्हा फिल्टरबरोबर नळ्या व डायफ्रामही तपासावे लागतात.

जबाबदारीचे परतणे

कॉमन रेलच्या आगमनाने पंपवाल्याच्या कार्यशाळेचे स्थान बदलले. तिची पुढची साधने, म्हणजे उच्चदाबाचे टेस्ट बेंच, संगणकीय निदान आणि जवळपास धूळमुक्त खोली, मोजक्या जणांनाच परवडतात. बाकीचे कारागीर जुने इनलाइन व रोटरी पंप, ट्रॅक्टर आणि शेतीची इंजिने यांवर काम करतात, आणि ही वाहने रस्त्यावरून जातील तसे त्यांचे काम आटत जाईल हे उघड आहे. पंधरा वर्षांनंतर नव्याने घ्यावे लागणारे योग्यता प्रमाणपत्र, राज्याने जुन्या वाहनांवर बसवलेला पर्यावरण कर आणि धूरचाचणीची मर्यादा या तिन्हींमुळे जुने वाहन ठेवण्याची किंमत वाढली आहे, आणि ज्याचा पंप व नोझल नीट आहेत तेच वाहन धूरचाचणीत टिकते.

तरीही या इतिहासाचा शेवट कसबाच्या ऱ्हासात होतो असे म्हणता येत नाही. तो जबाबदारी चालकाकडे परतण्यात होतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. पेट्रोलच्या काळात इंधन स्वच्छ राखणे चालकाच्या हाती होते, मायकोच्या काळात पंप व नोझलची निगा कार्यशाळेकडे गेली, पानेवाडीच्या प्रकरणाने इंधन स्वच्छ राखण्यातला शासनाचा वाटा दाखवून दिला, आणि आता इंजेक्टर उघडून दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याकडे कल वाढल्यावर मेकॅनिकला करता येण्याजोगे काम थोडे उरले असून जो काही उपाय आहे तो बिघाडाच्या आधी करण्याचा आहे. तो उपाय चालकाकडेच आहे. फिल्टरच्या तळाचे पाणी वेळेवर सोडणे, पाण्याचा इशारा देणारा दिवा लागल्यास गाडी पुढे न दामटणे, गर्दीच्या व खात्रीच्या पेट्रोल पंपावरून इंधन घेणे आणि फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या आत बदलणे, ही कामे सत्तर वर्षांपूर्वीच्या काचेच्या वाटीइतकीच साधी आहेत. फरक हिशेबात पडला आहे. पूर्वी फिल्टरकडे दुर्लक्ष केल्याची किंमत एका एलिमेंटच्या किंवा नोझलच्या जोडीने भागत असे. आज ती सगळ्या इंजेक्टरांच्या संचात मोजावी लागते आणि पुष्कळदा तो खर्च जुन्या गाडीच्या उरलेल्या मोलाहून अधिक भरतो, म्हणूनच जुने वाहन भंगारात कधी जाईल याचा निर्णय कायद्यातल्या वर्षांइतकाच काही शे रुपयांच्या फिल्टरवर अवलंबून राहतो.